तुलना करायचीच, तर बांगलादेशाशी

बेळगाव भागातल्या माणसाला तुलना शिकवावी लागत नाही. पेट्रोल निपाणीत भरायचं की कागलला, पोरगी गडहिंग्लजला द्यायची की हुक्केरीला, दुखणं वाढलं तर मिरज गाठायची की बेळगाव, हे हिशेब इथल्या घराघरांत तोंडपाठ असतात. २०२३ पासून त्यात सरकारी योजनांची भर पडली. महाराष्ट्राने मार्चमध्ये एसटीत बायकांना निम्मं तिकीट केलं, कर्नाटकाने जूनमध्ये ‘शक्ती’ आणून सरकारी बस फुकट केली. इकडे गृहलक्ष्मीचे दोन हजार सुरू झाले, पुढच्या वर्षी तिकडे लाडक्या बहिणीचे दीड हजार आले. सीमेवर सोयरीक असलेल्या घरात आता मुलीला मुलगा कसा आहे याच्या आधी ‘तुमच्यात किती मिळतंय गं?’ हे विचारतात. गंमत वाटते, पण यात वावगं काही नाही. दोन सरकारांमध्ये गिऱ्हाईक ओढण्याची चढाओढ लागली तर गिऱ्हाइकाचा फायदाच होतो.

माझी तक्रार वेगळी आहे. जिथे फरक आहे तेवढंच आपण ताडून बघतो, कारण फरक डोळ्यांत भरतो. जिथे दोन्ही राज्यं सारखीच मागे आहेत, तिथे दोघांपैकी कोणालाच लाज वाटत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. पाच वर्षांखालच्या मुलांत वयाच्या मानाने उंची कमी असलेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात ३५.२ टक्के निघालं, कर्नाटकात ३५.४. अठराच्या आत लग्न झालेल्या मुली (म्हणजे पाहणीच्या वेळी वीस ते चोवीस वयाच्या असलेल्यांपैकी) महाराष्ट्रात जवळपास २२ टक्के, कर्नाटकात २१. सत्तर वर्षं आपण ज्या दोन राज्यांमध्ये कुठे असावं यावरून झगडतो आहोत, ती दोन्ही लेकरांच्या वाढीच्या बाबतीत दशांशाच्या फरकाने बरोबरीत आहेत. दर तीन पोरांतलं एक खुरटलेलं. हा आकडा कुठल्या मोर्चाच्या फलकावर मी पाहिलेला नाही, ना मराठी, ना कन्नड.

आता या दोघांच्या शेजारी बांगलादेश ठेवा. तिथल्या २०२२ च्या आरोग्य पाहणीत हेच प्रमाण २४ टक्के होतं.

बांगलादेश हे नाव काढलं की आपल्याकडे दोन प्रकारचे आवाज उठतात. एका गटाला ते नाव शिवीसारखं वापरायची सवय झाली आहे, त्यामुळे तिथे काही बरं असू शकतं हेच पचत नाही. दुसऱ्या गटाला ते नाव सरकारला झोडपायला सोयीचं वाटतं. ऑक्टोबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्या वर्षीचं दरडोई उत्पन्न बांगलादेशात १,८८८ डॉलर आणि भारतात १,८७७ डॉलर राहील असा अंदाज वर्तवला, तेव्हा आठवडाभर जो गोंधळ झाला तो आठवत असेल. अकरा डॉलरचा फरक, तोही करोनाच्या वर्षातला. त्यावर एकाने छाती पिटायची आणि दुसऱ्याने आकडे खोटे म्हणायचे, यातून शिकायला कोणालाच काही मिळालं नाही.

खुरटलेल्या मुलांच्या आकड्यावर मात्र हे आक्षेप फारसे टिकत नाहीत. दोन्ही देशांतल्या या पाहण्या एकाच आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या घराण्यातल्या आहेत. ‘आपली माणसं मुळातच बुटकी’ असं म्हणावं, तर ज्या जागतिक मापाने उंची मोजतात ते २००६ चं माप सहा देशांतल्या नीट खाणाऱ्यापिणाऱ्या मुलांवरून ठरलेलं आहे आणि त्या सहांत दिल्लीची मुलंही होती. पैशाचं म्हणाल, तर कर्नाटकाचं दरडोई उत्पन्न तीन लाख रुपयांच्या वर गेलं आहे, महाराष्ट्राचं कर्नाटकाहून कमी आहे, आणि बांगलादेशाचं रुपयांत सव्वादोन लाखांच्या आसपास भरतं. (कर्नाटकाच्या त्या तीन लाखांत बेंगळुरूचा वाटा केवढा, हे अथणी-रायबागच्या माणसाला सांगायला नको. प्रादेशिक असमतोलावर तिकडे १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल झाला, इकडे २००२ चा नंजुंडप्पा समितीचा. दोन्ही राज्यांत असमतोल आहे आणि दोन्हीकडे त्यावर अहवालही आहे.) तेव्हा पैसा कमी असून लेकरं उंच वाढतात, हे कोडं खरं आहे. ते सोडवण्यात मला रस आहे. कोण कोणाच्या पुढे, यात नाही.

पुढे-मागेचा खेळ किती डळमळीत असतो हेही जाता जाता बघून घेऊ. देशांचं जीवनमान मोजणारा सगळ्यात प्रसिद्ध मानव विकास निर्देशांक १९९० मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी आणला, त्यांना साथ होती अमर्त्य सेन यांची. आयुर्मान, शिक्षणाची वर्षं आणि उत्पन्न या तिन्हींची तो मोट बांधतो. नुसत्या उत्पन्नावर देशाची किंमत ठरवणाऱ्या जगाला त्यांनी दुसरा काटा दिला, हे काम मोठंच होतं. पण २०२५ च्या अहवालात काय झालं? भारत आणि बांगलादेश दोघांचा निर्देशांक ०.६८५, दोघांचा क्रमांक १३०. बरोबरी! बांगलादेशात आयुर्मान जवळपास पावणेपंचाहत्तर वर्षं, भारतात बहात्तर; उत्पन्न भारतात थोडं जास्त, शाळेची वर्षंही थोडी जास्त. एकाची उणीव दुसऱ्या रकान्यात भरून निघाली आणि बेरीज सारखी आली. शिवाय त्याच्या आधीच्या अहवालात भारताचं आयुर्मान ६७.७ होतं. एका अहवालातून दुसऱ्यात जाताना माणसांचं आयुष्य चार वर्षांनी वाढत नाही. करोनाच्या काळातले अंदाज संयुक्त राष्ट्रांनी नव्याने बांधले, म्हणून आकडा वर गेला. २०११ नंतर ज्या देशात जनगणनाच झालेली नाही, त्याची सरासरी एवढी हलणार, यात नवल ते काय.

म्हणून क्रमांक बाजूला ठेवावा आणि एकेक गोष्ट हातात घ्यावी.

पहिली गोष्ट गूळ-मिठाची. ढाक्यातल्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत १९६८ मध्ये असं दिसलं की जुलाबाच्या रोग्याला शिरेतून सलाईन न देता मीठ-साखरेचं पाणी पाजूनही वाचवता येतं. १९७१ मध्ये निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर हेच पाणी पाजलं आणि मृत्यू एकदम खाली आणले. म्हणजे शोध तिथला, सर्वात मोठी परीक्षा आपल्या भूमीवर. पुढचं काम मात्र बांगलादेशाने केलं. फझले हसन अबेद यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत बायका-मुलींना पगारी कार्यकर्त्या म्हणून नेमलं आणि घरोघर पाठवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. पाकीट नाही, दुकान नाही, डॉक्टर नाही. सव्वा कोटीच्या आसपास घरांत आयांना बसवून, त्यांच्या हातून ते पाणी करवून घेतलं.

यातली मला सर्वात आवडलेली बाब हिशेबाची आहे. कार्यकर्तीने किती घरं केली यावर तिचा पगार ठरत नसे. काही दिवसांनी तपासनीस जाऊन निवडक घरांतल्या आयांना विचारी, पाणी करायला लावी, आणि किती आयांच्या हातून ते नीट होतं यावर पैसे मिळत. तरीही सुरुवातीला आयांना सगळं येत होतं पण पोर आजारी पडल्यावर त्या ते पाजत नव्हत्या. शोध घेतला तेव्हा कळलं की कार्यकर्त्यांचाच त्यावर पुरता विश्वास नाही आणि घरातल्या पुरुषांना तर कोणी विचारलेलंच नाही. मग कार्यकर्त्यांना पुन्हा शिकवलं, पुरुषांना बाजारात आणि मशिदीत गाठलं. योजना फसते आहे हे कळायची सोय योजनेतच असणं, हे आपल्याकडे फार कमी वेळा दिसतं. आपल्याकडे अंगणवाडीताईचा निम्मा दिवस मोबाईलवर माहिती भरण्यात जातो. ती माहिती वर जाते, परत खाली येत नाही. भारताच्या पाचव्या पाहणीत जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्क्यांनाच क्षार-साखरेचं पाणी मिळालं होतं. आणि आपण राहतो कुठे, तर गुऱ्हाळांच्या मुलखात.

दुसरी गोष्ट संडासाची. सतत जुलाब होणारं पोर खाल्लेलं अंगी लावून घेत नाही, आणि उघड्यावरच्या घाणीमुळे जुलाब थांबत नाहीत. १९९० च्या सुमारास बांगलादेशात तिघांतला एक माणूस उघड्यावर बसत असे. २०१५ पर्यंत हे जवळजवळ संपलं. अनुदानाचा संडास वाटण्याऐवजी गावाने स्वतःच्या घाणीचा नकाशा स्वतः काढायचा, ही पद्धत २००० मध्ये राजशाहीजवळच्या मोसमोईल गावात कमल कर या भारतीय माणसाने रुजवली. त्याच सुमारास महाराष्ट्रात आर. आर. आबांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान काढलं होतं, सीमेपलीकडच्या कोल्हापूर-सांगलीतली गावंच्या गावं त्यात उतरली होती. कल्पना आपल्यालाही सुचली होती तर! सातत्य तिकडे राहिलं. पाचव्या पाहणीत भारतातली १९ टक्के घरं अजून संडासाविना होती.

आता दुसरी बाजू. ती नीट सांगितली नाही तर मीही फलक नाचवणाऱ्यांतलाच होईन.

बांगलादेशात निम्म्या मुलींचं लग्न अठराच्या आत होतं. भारताच्या दुपटीहून जास्त हे प्रमाण आहे. दवाखान्याचा खर्च तिथे दोन-तृतीयांशाहून जास्त लोकांच्या स्वतःच्या खिशातून जातो. भारतात २०२१-२२ मध्ये तो वाटा ३९ टक्क्यांवर आला होता. जुलाब टाळायचे म्हणून सत्तरच्या दशकापासून तिथे लाखो हातपंप बसवले, आणि नव्वदच्या दशकात कळलं की त्यातल्या कित्येकांच्या पाण्यात आर्सेनिक आहे. चांगल्या हेतूने लोकांना विष पाजलं गेलं. बालमृत्यूंचं चित्रही एकतर्फी नाही. १९९० मध्ये ते बांगलादेशात आपल्यापेक्षा जास्त होते, वीस वर्षांत ते आपल्याहून खाली गेले. अलीकडे आपण ती दरी जवळजवळ भरून काढली. हे श्रेय आपल्याकडच्या आशाताईंचंही आहे, आणि ते द्यायला हवं.

आणि कापड. बेळगावातल्या वडगाव, खासबाग, शहापूरच्या मागवाल्यांना हे वाचताना आपलं दुखणं आठवेल. बांगलादेशाच्या निर्यातीत चार-पंचमांशाहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे आणि त्या कारखान्यांत लाखो बायका काम करतात. तिथल्या गावातल्या मुलीच्या हातात स्वतःचा पगार आला, घरात तिचा शब्द ऐकला जाऊ लागला, हे खरं. पण २४ एप्रिल २०१३ ला सावारमधली राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून जास्त माणसं मेली. आदल्या दिवशीच भिंतींना भेगा दिसल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या लोकांना यायला नको सांगितलं. वरच्या मजल्यांवरच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांना मात्र कामावर बोलावलं गेलं. एकाच इमारतीत कोणाचा जीव किती मोलाचा हे मजल्यावर ठरलं. जीवनमानाच्या कुठल्या रकान्यात हे बसवणार?

मग राहायला बरा देश कोणता? हा प्रश्न काही हजार माणसांना एकदा खरोखरच विचारला गेला होता, आणि तो प्रसंग आपल्या सीमाभागाने मुद्दाम वाचावा असा आहे. भारत-बांगलादेश सरहद्दीवर छिटमहल नावाची बेटं होती: बांगलादेशाच्या पोटात भारताची १११ गावठाणं, भारताच्या पोटात बांगलादेशाची ५१. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री ती अदलाबदल झाली. त्याआधी सुमारे पन्नास हजार लोकांना विचारलं गेलं, कुठला देश हवा? बांगलादेशातल्या भारतीय छिटमहलांत ३७ हजारांवर माणसं होती. त्यातल्या हजारापेक्षाही कमी लोकांनी भारतात यायचं ठरवलं. उलट भारतातल्या बांगलादेशी छिटमहलांतल्या चौदा हजारांपैकी कोणीही तिकडे गेलं नाही. जवळजवळ सगळ्यांनी जिथे जमीन आणि भाऊबंद तिथेच राहणं पसंत केलं. ढाक्याचं आयुर्मान आणि दिल्लीचं उत्पन्न यांचा हिशेब मांडून कोणी पाऊल उचललं नाही.

या माणसांचं हाल-अपेष्टांचं आयुष्य कशामुळे होतं? गरीब देशात जन्मल्यामुळे नव्हे. कुंपणापलीकडच्या गावात वीज होती, यांच्याकडे नव्हती. पोराला शाळेत घालायचं तर दुसऱ्या गावच्या माणसाचं नाव बाप म्हणून लावावं लागे, बाळंतिणीला सरकारी दवाखान्यात न्यायचं तर परक्याला नवरा दाखवावा लागे. दोन्ही देशांच्या सरासरीतला फरक यांच्यापुढे क्षुल्लक होता. कोणतंच सरकार आपल्यापर्यंत पोचत नाही, हे मोठं होतं.

आमचीही गत छिटमहलसारखीच आहे, असं टाळ्या घेणारं वाक्य इथे टाकणं सोपं आहे. ते खोटं ठरेल. आम्हाला मत आहे, रेशन आहे, नगरसेवक आहे, भांडायला कोर्ट आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये सीमाप्रश्नावर घातलेला दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे तो भाग वेगळा. पण पोचण्याचा प्रश्न आमच्याही जिल्ह्यात आहेच. भीमगड अभयारण्यातली खानापूर तालुक्यातली गावं बघा: आमगाव, गवाळी, कृष्णापूर, पास्तोली. पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून चिखलातून आणावं लागतं. ही माणसं मराठी बोलतात. त्यांच्यासाठी बेंगळुरूही लांब आणि मुंबईही लांब. खुद्द बेळगाव शहरात काही वॉर्डांना चोवीस तास पाणी, आणि त्याच राकसकोप-हिडकलच्या पाण्यासाठी बाकीचे वॉर्ड नळाला टक लावून बसलेले. अशा ठिकाणी जिल्ह्याची सरासरी काढून काय करायचं?

इथे आपल्यातल्याच काही मंडळींशी माझा वाद आहे. सीमाप्रश्नाच्या भाषणात ‘महाराष्ट्रात गेलो तर विकास होईल’ हे वाक्य फार सैल वापरलं जातं. कर्नाटकाचं दरडोई उत्पन्न आज महाराष्ट्राहून जास्त आहे. मग या न्यायाने दावा मागे घ्यायचा का? १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात जे गोळ्यांना बळी पडले ते बसच्या भाड्यासाठी रस्त्यावर उतरले नव्हते. १ जून १९८६ ला कन्नड सक्तीविरोधात हिंडलग्यात ज्यांचे प्राण गेले, तेही नाही. ढाक्यात २१ फेब्रुवारी १९५२ ला बंगालीसाठी जे गेले त्यांच्या मागणीतही उत्पन्नाचा रकाना नव्हता. आणि त्याच ढाक्यात २०२४ मध्ये, वाढीचा दर आणि आयुर्मान दोन्ही कौतुकाचे असताना, पोरं रस्त्यावर आली, शेकडोंनी मेली, आणि ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून गेल्या. निर्देशांकाला याचा वासही लागला नव्हता. भाषेचा हक्क आणि बोलायची मोकळीक यांची मागणी स्वतःच्या पायावर उभी राहते, तिला समृद्धीच्या कुबड्या दिल्या की समृद्धीचं पारडं फिरलं त्या दिवशी तीही पडते.

भाषा आणि पोराची उंची एका जागी मात्र भेटतात, आणि आपण तिथेच बोलत नाही. ब्रॅकच्या बाईने आईला शिकवलं ते आईच्या बोलीत, चुलीपाशी बसून. माचीगड किंवा येळ्ळूरच्या सुनेला आहाराची चिठ्ठी, लसीकरणाचा कागद, योजनेचा अर्ज कन्नडमधूनच मिळाला, तर ती तो घडी घालून डब्यात ठेवते. पंधरा टक्क्यांहून जास्त भाषक असलेल्या भागात त्यांच्या भाषेत सरकारी कागद मिळावेत, ही आपली जुनी मागणी आहे. ती आपण तहसीलदार कचेरीच्या परिपत्रकांसाठी, फलकांसाठी लावून धरतो. अंगणवाडीसाठी कधी धरली? दुकानाच्या पाटीवर कन्नड साठ टक्के की किती यावर आंदोलनं होतात. बाळाच्या वाढीच्या तक्त्यावर एक मराठी ओळ असावी म्हणून एखादं निवेदन निघाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

२०२३ च्या सुरुवातीला महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. कर्नाटकाने लगेच आक्षेप घेतला, दुसऱ्या राज्याच्या हद्दीत हे कसं चालेल म्हणून. दोन्ही बाजूंनी पत्रकबाजी झाली. भांडण होतं ते मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च कोण देणार याचं. तो खर्च कोणी दिला तर हवाच आहे. पण त्या ८६५ गावांत पाच वर्षांखालची किती मुलं खुरटलेली आहेत, गावागणिक त्यांची यादी कोणाकडे आहे, ती मराठीत वाचून ग्रामसभेत दाखवता येईल का, हे ना मुंबईने विचारलं ना बेंगळुरूने. ग्रामपंचायतीची पुढची सभा लागेल तेव्हा हा विषय लेखी देता येतो. त्याला कुठल्या कोर्टाच्या निकालाची वाट बघावी लागत नाही आणि महाराष्ट्र एकीकरण समितीचा सदस्य, काँग्रेसवाला, भाजपवाला यांपैकी कोणीही तो मांडू शकतो. उंचीचं माप घ्यायची पट्टी अंगणवाडीत असते. ती खरंच वापरात आहे का, एवढं तरी पहिल्या सभेत विचारू.